रिपोर्टमधले 'बँड' आणि 'मेटा': पांढरी पेशी नेमकी तयार कशी होते?

साधा_प्रश्न:

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं रोमातच (नुसता वाचत) होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात सणकून ताप आला, टॉन्सिल टरारून सुजलेले, गिळता येईना. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी १८,४०० आणि खाली बारीक अक्षरात 'शिफ्ट टू लेफ्ट, बँड फॉर्म ९ टक्के, मेटामायलोसाइट २ टक्के'. डॉक्टरांनी एक नजर टाकली, इन्फेक्शन आहे म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या, आता ठणठणीत आहे. पण तो कागद घरी पडून होता ना, मग डोक्यात किडा वळवळायला लागला. नेटवर बघितलं तर सगळीकडे तेच एक उलटं झाड, वर एक स्टेम सेल (मूळ पेशी) आणि खाली दहा-बारा फांद्या, नुसते बाणच बाण. बाणाच्या आत काय होतं ते कुणीच सांगत नाही.

तर मला एवढंच विचारायचंय की स्टेम सेलपासून पूर्ण तयार पांढरी पेशी होईपर्यंत नेमकं काय घडतं, किती दिवस लागतात, आणि माझ्या रक्तात या अर्धवट पेशी कशाला आल्या होत्या? बारावीपर्यंत सायन्स होतं, त्या बेताने सांगा.

तिरकस_कोन:

शिफ्ट टू लेफ्ट म्हणजे तुमच्या पेशींनी पक्ष बदलला. कृहघ्या (कृपया हलकं घ्या). जाणकार येईपर्यंत खुर्ची टाकून बसतो.

काचपट्टी:

घ्या, आले. बावीस वर्षं लॅबमध्ये स्लाइड बघतोय त्यामुळे दिसतं कसं ते सांगू शकतो, आतल्या जीन्सचं दुसरं कुणीतरी सांगा.

आधी तो 'लेफ्ट'. १९०४ च्या सुमारास आर्नेथ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला किती पाकळ्या आहेत हे मोजून तक्ता केला, कमी पाकळ्यांच्या कच्च्या पेशी डावीकडे आणि जास्तवाल्या उजवीकडे. इन्फेक्शनमध्ये आकडे डावीकडे सरकतात. तक्ता आता कुणी वापरत नाही पण शब्द राहिला.

आता मुख्य मुद्दा. पांढरी पेशी ही एक जात नाही, पाच आहेत, पण रक्तात सगळ्यात जास्त न्यूट्रोफिल, साधारण निम्म्याहून जास्त, म्हणून तिचंच सांगतो. बोनमॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाची स्लाइड लाइशमन स्टेनने रंगवून, तेलाचा थेंब टाकून १०० च्या लेन्सखाली धरली की सगळ्या पायऱ्या एकाच काचेवर पसरलेल्या दिसतात, जसा एका घरात आजोबांपासून तान्ह्यापर्यंत सगळे.

पहिला मायलोब्लास्ट. जवळपास सगळी पेशी केंद्रकानेच भरलेली, भोवती निळ्या पेशीद्रवाची बारीकशी कड, आणि केंद्रकात दोन-तीन फिकट ठिपके. बाळाचं डोकं कसं अंगापेक्षा मोठं वाटतं तसं. मग प्रोमायलोसाइट, ही ब्लास्टहूनही मोठी, आणि हिच्यात जांभळट-लाल दाणे अंगभर, अगदी केंद्रकावरसुद्धा सांडलेले. हे प्राथमिक दाणे, जंतू मारायची रसायनं यात भरलेली. पुढे मायलोसाइट, इथे दुसऱ्या प्रकारचे अगदी बारीक गुलाबीसर दाणे सुरू होतात, आधी केंद्रकाच्या शेजारी एका कोपऱ्यात हलकीशी गुलाबी झाक येते, आमचे जुने सर त्याला पहाट म्हणायचे, आणि खरंच तशीच दिसते.

मायलोसाइटनंतर विभाजन बंद. हे लक्षात ठेवा, सगळ्यात महत्त्वाची रेघ इथे आहे. त्याच्या आधी एकीच्या दोन, दोनाच्या चार असं चार-पाच वेळा होतं, त्यानंतर संख्या वाढत नाही, फक्त पेशी पिकते. केंद्रकाला एका बाजूने खळी पडते आणि ते मूत्रपिंडासारखं दिसतं, तो तुमचा मेटामायलोसाइट. खळी खोल होत होत घोड्याच्या नालेसारखं झालं की बँड. आणि मग नालेला चिमटे बसून तीन ते पाच पाकळ्या, मधे धाग्याएवढा सांधा, ती तयार न्यूट्रोफिल.

वेळ म्हणाल तर ब्लास्टपासून तयार पेशीपर्यंत साधारण १० ते १४ दिवस. आणि रक्तात आल्यावर टिकते काही तास ते फार तर काही दिवस. एवढा खटाटोप करून.

साधा_प्रश्न:

काचपट्टीकाका, दंडवत घ्या! म्हणजे माझ्या रक्तात नाल आणि मूत्रपिंड फिरत होते तर. पण १० दिवस लागतात म्हणता आणि माझा ताप तर दोनच दिवसांचा होता. मग १८,४०० आल्या कुठून?

काचपट्टी:

बरोबर पकडलंत. मगजात तयार मालाचं गोदाम असतं. रक्तात फिरणाऱ्या न्यूट्रोफिलच्या कितीतरी पट, दहा-वीस पट धरा, तयार होऊन तिथे नुसत्या थांबलेल्या असतात. शिवाय रक्तातल्यासुद्धा निम्म्या पेशी प्रवाहात नसतात, रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून रांगत असतात. जिना धावत चढलात किंवा स्टिरॉइड घेतलं की त्या भिंतीवरून सुटतात आणि काउंट वाढतो, काहीही नवीन तयार न होता. पण त्यात बँड वाढत नाहीत.

इन्फेक्शनमध्ये आधी गोदामातला पिकलेला माल सुटतो, तो पुरेना झाला की बँड, आणखी ओढ लागली की मेटा. तुमचे ९ आणि २ म्हणजे गोदामाच्या मागच्या रांगेपर्यंत हात गेला होता इतकंच. पेशी खराब होत्या असं नाही, बँडसुद्धा जंतू गिळते. मात्र रक्तात ब्लास्ट दिसले असते तर मी स्वतः फोन केला असता, कागद पाठवून गप्प बसलो नसतो.

खडूफळा:

छान चाललंय. मी जीवशास्त्र शिकवते, बाणाच्या आतलं थोडं मी घेते. टंकाळा आहे पण प्रयत्न करते.

एकच पेशी सगळ्या रक्तपेशींची आई आहे हे आधी नुसतं अनुमान होतं. १९६१ मध्ये कॅनडात टोरोंटोला टिल आणि मॅकलक या शास्त्रज्ञांच्या जोडीने उंदरांना इतकं रेडिएशन दिलं की त्यांचा मगज मेला, मग त्यांना दुसऱ्या उंदरांच्या मगजातल्या पेशी टोचल्या. दहा-अकरा दिवसांनी प्लीहा उघडून पाहिली तर वर गाठी गाठी, आणि टोचलेल्या पेशी जितक्या जास्त तितक्या गाठी जास्त, एकदम सरळ हिशोब. प्रत्येक गाठ एकाच पेशीची वंशावळ असावी अशी शंका आली. ती १९६३ मध्ये पक्की झाली, कारण त्यांनी रेडिएशनने गुणसूत्रांवर खुणा पाडल्या आणि एका गाठीतल्या सगळ्या पेशींत तीच खूण सापडली, लाल पेशीत पण आणि दाणेवाल्या (न्यूट्रोफिलसारख्या) पांढऱ्या पेशींत पण. मला हा प्रयोग मुलांना सांगायला फार आवडतो कारण यात मुख्य काम म्हणजे नुसतं मोजणं.

(अवांतर: त्या गाठी करणाऱ्या बहुतेक पेशी म्हणजे खऱ्या स्टेम सेल नव्हत्या, त्यांच्या एक-दोन पिढ्या खालच्या होत्या, हे नंतर कळलं. उंदरातली खरी स्टेम सेल वेगळी काढायला १९८८ उजाडलं, स्टॅनफर्डला वाइसमन यांच्या लॅबमध्ये.)

आता एक गैरसमज काढते. लोकांना वाटतं स्टेम सेल दिवसरात्र कारखान्यासारखी चालते. उलट ती झोपाळू असते. मगजातल्या हजारो पेशींत एखादीच, आणि तीसुद्धा कित्येक महिने विभागतच नाही. रोज १०,००० कोटींच्या आसपास न्यूट्रोफिल बनतात ना, तो गुणाकार मधल्या पायऱ्यांवर होतो. आजी कपाटाची किल्ली कमरेला लावून बसते आणि राबतात सुना-नाती, तसं काहीसं. स्टेम सेल विभागली की एखादी मुलगी तिच्यासारखीच राहते, दुसरी खाली उतरते, आणि खाली उतरणारी प्रत्येक पायरीवर एकेक दार बंद करत जाते.

दार बंद करणं म्हणजे काय, तर डीएनए तोच राहतो, कुठल्या जीन वाचायच्या ते बदलतं. हे ठरवणारी प्रोटीन्स असतात. पीयू-१ वाढलं की दाणेवाल्या आणि मोनोसाइटच्या (हाही पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) बाजूला कल, गाटा-१ वाढलं की लाल पेशी आणि प्लेटलेटच्या बाजूला, आणि दोघं एकमेकांना दाबतात. पुढे सीईबीपी-अल्फा आलं की न्यूट्रोफिलचा रस्ता, आयआरएफ-८ चा जोर असला की मोनोसाइट.

तिरकस_कोन:

म्हणजे नाणेफेक?

खडूफळा:

बरीच वर्षं असंच शिकवलं, मीही शिकवलं, की दोघांचं प्रमाण योगायोगाने इकडेतिकडे झालं की पेशीचं ठरतं. पण २०१६ मध्ये उंदराच्या जिवंत पेशींवर दिवसचे दिवस कॅमेरा लावून दोन्ही प्रोटीन्स मोजली तेव्हा दिसलं की पीयू-१ आणि गाटा-१ ची ही कुस्ती सुरू व्हायच्या आधीच पेशीचं ठरलेलं असतं. ही दोघं निर्णय घेत नाहीत, घेतलेला निर्णय पक्का करतात. आणि ते सुबक झाडही आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. एकेका पेशीतल्या जीन वेगवेगळ्या वाचायला लागल्यापासून फांद्यांचे ठळक काटे दिसत नाहीत, उतारावरून पाणी हळूहळू ओघळीत शिरावं तसा कल दिसतो. पुस्तकात झाड राहणार, कारण परीक्षेत ओघळी काढायला सांगता येत नाहीत.

सदासतेज:

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

तिरकस_कोन:

स्टेम सेल जागृत करणारी पावडर विकणारा प्रतिसाद उडालेला दिसतोय. वाचला होता मी. 'पांढऱ्या पेशी दुप्पट करा' म्हणे.

काचपट्टी:

दुप्पट झालेल्या मी रोज बघतो, कुणी आनंदाने नाचत नसतं. सीएमएल नावाच्या ब्लड कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी लाखाच्या वर जातात, स्लाइडवर ब्लास्ट, मायलो, मेटा, बँड सगळी वंशावळ रक्तातच फिरताना दिसते. पेशी पिकत असतात, फक्त बनायचं थांबत नाही. झोपाळू म्हणजेच स्टेम सेल सुरक्षित, तिला उगाच जागं करून काय साधायचंय.

आणि याच्या उलट प्रकार म्हणजे अक्यूट ल्युकेमिया. तिथे पिकणंच अडतं. त्यातला एक मला कायम थक्क करतो, प्रोमायलोसाइटिक. १५ आणि १७ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांना जोडले जातात, त्यातून एक बिघडलेलं प्रोटीन बनतं आणि पेशी प्रोमायलोसाइटच्या पायरीवरच अडकून बसते. स्लाइडवर दाण्यांनी खच्चून भरलेल्या पेशी, आत काड्यांची मोळी बांधल्यासारख्या सुया. आधी हा रोग फार झटपट माणूस न्यायचा, रक्तस्रावाने. मग शांघायच्या डॉक्टरांनी १९८८ मध्ये दाखवलं की व्हिटॅमिन ए पासून बनणारं एक आम्ल, एटीआरए, दिलं की त्या अडकलेल्या पेशी मरत नाहीत तर चक्क पिकतात! कॅन्सरची पेशी नीट न्यूट्रोफिल होते आणि मग तिच्या मरणाने मरते. आता सोबत आर्सेनिक देतात आणि बहुतेक पेशंट पूर्ण बरे होतात. उपचार सुरू केल्यावर चार-आठ दिवसांनी स्लाइड बघायला मिळाली की मी हातातली कामं ठेवून बघतो, प्रोमायलोसाइटचे दाणे असलेली पण केंद्रक वाकायला लागलेली अशी अधलीमधली पेशी दुसरीकडे कुठे दिसत नाही.

(आणि कुणी घरी व्हिटॅमिन ए च्या गोळ्या खायला घेऊ नका, ते हे औषध नव्हे.)

पाऊलवाट:

मी सहसा लिहीत नाही पण हे सगळं मी बाहेरच्या खुर्चीवर बसून मोजलंय म्हणून लिहिते.

माझ्या धाकट्या भावाचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं, डोनर मी. आम्हाला वाटलेलं मोठं ऑपरेशन असेल. मला पाच दिवस रोज जी-सीएसएफचं (पांढऱ्या पेशी वाढवणारं) इंजेक्शन दिलं, कंबर आणि छातीचं हाड आतून ठणकायचं, विचित्र दुखणं, बाहेरून दाबलं तर काहीच नाही. मग दोन्ही हातांना सुया, रक्त एका मशीनमधून फिरून परत, चारेक तास. शेवटी एक पिशवी, फिकट टोमॅटो सूपच्या रंगाची. ती भावाला सलाइनसारखी लावली आणि झालं. मी नर्सला विचारलं हाडात कधी घालणार, तर ती म्हणाली पेशींना घर माहीत असतं.

मग वाट बघणं. केमोने त्याच्या जुन्या पेशी आधीच संपवलेल्या. रोज सकाळी कागद यायचा, न्यूट्रोफिल शून्य. शून्य. शून्य. तोंडात इतके व्रण की थुंकी गिळता येत नव्हती. अकराव्या दिवशी मोनोसाइट दिसल्या, डॉक्टर खूश झाले, मला काहीच कळेना, मी म्हटलं हवी ती पेशी तर अजून शून्यच आहे. चौदाव्या दिवशी ९०. सोळाव्याला ३१०. ५०० च्या वर सलग तीन दिवस राहिल्या तेव्हा म्हणाले की बसल्या पेशी. तोंडाचे व्रण कागदाच्या आधीच भरायला लागले होते, त्याला कळलं होतं, त्याने सकाळी उठून पाणी मागितलं.

आज चार वर्षं झाली. पण हे दोन आठवडेच का लागतात, आणि पेशींना घर कसं माहीत असतं, हे मी कधी नीट विचारलं नाही. आज काचपट्टींचं १० ते १४ दिवस वाचलं आणि पटकन लक्षात आलं.

साधा_प्रश्न:

ताई, काय लिहू. भावाला खूप शुभेच्छा.

खडूफळा:

पाऊलवाट, घर कसं माहीत असतं ते सांगते. मगजातल्या काही आधार देणाऱ्या पेशी सीएक्ससीएल-१२ नावाचं प्रोटीन सोडत असतात आणि स्टेम सेलच्या अंगावर ते ओळखणारा हुक असतो, सीएक्ससीआर-४. रक्तातून जाताना मगजाच्या बारीक वाहिन्यांत हा वास लागतो, पेशी भिंतीला धरते, फटीतून आत शिरते आणि रुतते. तुम्हाला दिलेल्या इंजेक्शनने नेमकं उलटं केलं. जी-सीएसएफने न्यूट्रोफिलचं उत्पादन धडाक्यात वाढवलं (हाडाचं ठणकणं त्याचंच), त्या गर्दीत ते धरून ठेवणारं प्रोटीन कमी झालं आणि स्टेम सेलचे हात सुटून त्या रक्तात आल्या. शरीर स्वतः इन्फेक्शनमध्ये जो निरोप पाठवतं तोच बाटलीत भरलेला आहे.

मोनोसाइट आधी का, तर तिला न्यूट्रोफिलइतकं मगजात पिकत बसावं लागत नाही, गोदामही नाही. ती अर्धवट शिक्षण घेऊन बाहेर पडते आणि पुढचं शिक्षण ज्या अवयवात जाईल तिथे, तिथे ती मॅक्रोफेज, म्हणजे गिळून साफसफाई करणारी मोठी पेशी, होते. पण सगळ्या मॅक्रोफेज अशा येत नाहीत हं, मेंदूतल्या मायक्रोग्लिया तर गर्भाच्या अगदी सुरुवातीला पीतककोषातून (गर्भाला जोडलेल्या पिशवीतून) येऊन बसलेल्या असतात आणि मगजाशी त्यांचा संबंधच नसतो.

साधा_प्रश्न:

आणि लिंफोसाइट, तो पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार? रिपोर्टमध्ये दुसरा मोठा आकडा त्यांचाच असतो.

खडूफळा:

त्यांचा वेगळा धागा होईल, पण थोडक्यात. बी पेशी मगजातच तयार होते. टी पेशीची पूर्वज मात्र मगज सोडून छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीमध्ये जाते, तिथल्या पेशी तिला नॉच नावाच्या खुणेने टी बनवतात. दोघीही आपल्याच डीएनएचे तुकडे कापून नव्याने जोडतात, म्हणजे 'डीएनए तोच राहतो' असं मी वर लिहिलं त्याला हा ठसठशीत अपवाद. त्यामुळे प्रत्येकीचा रिसेप्टर, म्हणजे जंतू ओळखणारा हुक, वेगळा. यावर टोनेगावा या जपानी शास्त्रज्ञांना १९८७ चं नोबेल आहे. पण आंधळेपणाने कापाकापी केली की निरुपयोगी आणि घातक रिसेप्टरही बनणारच, म्हणून थायमसमध्ये परीक्षा असते आणि शंभरातल्या पाचसुद्धा पास होत नाहीत. बाकीच्या तिथेच मरतात. न्यूट्रोफिलची परीक्षा नाही, तिला फक्त पिकायचंय. टी पेशींना शिकायचं असतं. ट्रान्सप्लांटनंतर न्यूट्रोफिल तीन आठवड्यांत येतात पण टी पेशी पूर्ववत व्हायला वर्ष-दोन वर्षं जातात ते त्यामुळेच, त्यात थायमस वयात आल्यापासून आक्रसत गेलेला असतो.

पाऊलवाट:

हो, भावाला लहानपणच्या लसी सगळ्या परत घ्याव्या लागल्या. आम्ही त्याला चिडवायचो.

काचपट्टी:

एक गंमत राहिली, ती टाकून उठतो. रक्तात एका पांढऱ्या पेशीमागे पाच-सातशे तरी लाल पेशी असतात. मग मगजात लाल पेशी बनवणाऱ्यांचीच गर्दी हवी ना? उलट आहे. स्लाइडवर मोजलं तर पांढऱ्यांच्या घराण्यातल्या पेशी लालवाल्यांच्या दोन ते चार पट. कारण लाल पेशी १२० दिवस टिकते, न्यूट्रोफिल रक्तात तासांच्या हिशोबाने. मगजाचा बराचसा पसारा या अल्पायुषी मंडळींसाठीच मांडलेला आहे. नवीन टेक्निशियन आला की मी त्याला हा प्रश्न पहिल्या दिवशी घालतो, अजून एकानेही न मोजता बरोबर सांगितलेलं नाही.

साधा_प्रश्न:

काल परत रक्त दिलं. ७,२०० आणि बँड १ टक्का, मेटा नाहीत. आता शेवटचा प्रश्न, मग छळत नाही. त्या जास्तीच्या दहा-अकरा हजार गेल्या कुठे?

काचपट्टी:

काही घशात कामी आल्या, तो पू दिसतो ना टॉन्सिलवर तो बराचसा त्यांचाच. बाकीच्या म्हाताऱ्या झाल्या. म्हातारी होताना न्यूट्रोफिलच्या अंगावर तो सीएक्ससीआर-४ चा हुक पुन्हा वाढतो, त्यामुळे बऱ्याच मगजात परत जातात आणि तिथल्या मॅक्रोफेज त्यांना गिळतात. राहिलेल्या प्लीहेत आणि यकृतात.

तिरकस_कोन:

शेवटी माहेरीच.

काचपट्टी:

हो, आणि गिळलं गेल्यावर मगजाला तिथल्या तिथे कळतं की हिशोब किती चुकता झाला, त्यावर पुढचं उत्पादन थोडं कमी-जास्त होतं. बरं साधा_प्रश्न, इओसिनोफिलचं (पाचांतली आणखी एक जात) विचारायचं असेल तर वेगळा धागा काढा, हा फार लांबला आणि माझ्या मोबाइलवर आता नीट उघडत नाहीये.

साधा_प्रश्न:

काढतो. माझ्या इओसिनोफिल ९ टक्के आल्यात.

तिरकस_कोन:

खुर्ची तिकडे हलवतो.